खांबावरची उडालेली नक्षी

मार्च सरत आला की माझा फोन तापायला लागतो. पाडव्याच्या आधी लोक माळे उपसतात, आणि पितळेच्या कळशा, मुलांच्या मोडक्या सायकली यांच्याबरोबर एखादी शिलाई मशीनही खाली उतरते. मग कुणीतरी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतं. "ताई, तुम्ही जुन्या मशीनची किंमत करता ना? आमची शंभर वर्षांची आहे." सगळ्यांच्या मशीन शंभर वर्षांच्याच असतात. साठ वर्षांची आहे म्हणून सांगणारा इमानदार माणूस मला अजून भेटायचाय. मध्यंतरी तर अफवा उठली होती की जुन्या मशीनच्या आत लाल पारा असतो आणि तो लाखोंना जातो. तेव्हा वाट लागली होती माझी. एका गृहस्थांनी पाऱ्यापायी चांगली चालती मशीन घरीच खोलली, काही सापडलं नाही, मग सगळे तुकडे पिशवीत भरून माझ्याकडे आले, की आता जोडून किंमत सांगा. मी म्हटलं, काका, आता ही वजनावर जाईल.

माझा धंदा तसा चमत्कारिकच. मढच्या बंगल्यांत शूटिंग असलं की मी जुन्या मशीन भाड्याने देते, आणि हौशी लोकांना घ्यायच्या असतील तर पारखून देते. शूटिंगवाल्यांना मशीन जुनी हवी असते, पण दिसायला नवी. हौशी लोकांना नवी दिसलेली चालत नाही. त्यांना मूळ काळा रंग हवा, त्यावरची मूळ सोनेरी वेलबुट्टी हवी. किंमत सगळी त्या नक्षीवर. आणि आपले लोक काय करतात, तर मी बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी मशीन रॉकेलने घासून लख्ख करून ठेवतात. मी दारातून आत शिरते तर समोर काळं कुळकुळीत अंग, नक्षी गायब, आणि बाजूला कौतुकाने उभी असलेली घरधनीण. काय बोलणार? चहा पिते आणि उठते.

मशीनचं वय ओळखायला फार अक्कल लागत नाही. पायाशी नंबर ठोकलेला असतो, तो बघायचा. खालची शटल होडीसारखी लांबट आहे की गोल बॉबिन बसते, ते बघायचं. होडीवाली जास्त जुनी. पण ती कुणाच्या हाताखाली होती हे कळायला तिची झीज वाचावी लागते. सुईच्या पुढे जिथून कापड सरकतं आणि हात फिरतो, तिथली नक्षी सगळ्यात आधी जाते. शिंप्याच्या दुकानातली असेल तर चाकाचा चकचकीतपणा गेलेला असतो आणि खाली पाय मारायच्या पायट्याची एक कड गुळगुळीत झालेली असते. घरातली असेल तर पोराने खिळ्याने ओढलेली एखादी रेघ हमखास सापडते. मला हे वाचायला आवडतं. माणसं आपल्याबद्दल खोटं बोलतात, झीज बोलत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असते लोकांना.

पण उभ्या खांबाच्या पुढच्या अंगावर, बरोबर मधोमध, रुपयाएवढ्या जागेत नक्षी उडालेली मशीन मी आयुष्यात एकच पाहिली. तिथे कापड जात नाही, हात टेकत नाही. ती मशीन आमची होती. म्हणजे, अर्धी आमची.

अर्धी कमलकाकूची. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या चाळीत आम्ही शेजारी शेजारी राहायचो, मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. ती मालवणकडची. तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि तिला शिवणकाम करायची वेळ आली, तेव्हा माझ्या आईलाही मशीन हवीच होती. एकटीने घेणं दोघींपैकी कुणाच्याच कुवतीत बसत नव्हतं. पार्ल्याची एक बाई घर आवरत होती, तिची पायाची मशीन विकायची होती. दोघी मिळून गेल्या आणि टेम्पोत मशीनच्या दोन बाजूंना बसून ती घेऊन आल्या. वाटणीचा ठरावही टेम्पोतच झाला. श्रावण लागला की मशीन काकूकडे, कारण गणपतीचे पडदे, गावी जायचे कपडे, दसरा, दिवाळी हा तिचा हंगाम. होळी झाली की आमच्याकडे, कारण एप्रिलची जयंती हा आमचा.

अजून होळीची राख विझली की माझ्या नाकात तो वास येतो, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. एका कोपऱ्यात पांढरं पॉपलीन, एका कोपऱ्यात निळं कापड, आणि मध्ये पंचशील झेंड्यांच्या रंगीत पट्ट्या. जयंतीला वस्तीतल्या प्रत्येक बाईला पांढऱ्या साडीवर नवा पांढरा ब्लाउज लागायचा आणि प्रत्येकीला तो आधी हवा असायचा. "लीलाबाई, माझा झाला का?" असं विचारत बायका दारात उभ्या राहायच्या आणि आई मान वर न करता म्हणायची, "झाला असता, तू विचारायला आली नसतीस तर." पत्रा असा तापायचा की वर ओलं गोणपाट टाकावं लागायचं. पंखा लावायची सोय नव्हती, पट्ट्या उडायच्या. मी मीठ लावलेली कैरी चोखत काजं करायची आणि कैरीचा हात पांढऱ्या कापडाला लागला की धपाटा खायची.

निळा रंग कच्चा असायचा. आईचे तळवे एप्रिलभर निळे असायचे. भाकरी थापली तरी मला उगाच वाटायचं, भाकरीवर निळी बोटं उठणार. उठायची नाहीत. पण जयंतीच्या दिवशी पांढरीशुभ्र साडी नेसून निघालेल्या आईचे ते निळे हात मला मिरवणुकीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा झकास वाटायचे.

मशीन इकडून तिकडे जायची तो दिवसही सणासारखाच. लोखंडी स्टँड दोघी धरून गॅलरीतून न्यायच्या, "अगं हळू", "अगो पाय सांभाळ" करत. वरची मशीन मात्र एकटी काकू तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून आणायची. मग दोघी चहा प्यायच्या. काकूच्या घरची सोलकढी आमच्याकडे, आमचा ठेचा तिच्याकडे, हे तर रोजचंच होतं. ती आमच्याकडे जेवायची, आम्ही तिच्याकडे. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघींच्या मध्ये पत्रासुद्धा नाही.

पण एक गोष्ट होती. काकू दसऱ्याला मशीनची पूजा करायची आणि खांबावर हळदकुंकू लावायची. होळीनंतर मशीन आमच्याकडे यायची तेव्हा मात्र ती जागा पुसलेली असायची. तेलात मुरलेलं कुंकू साध्या फडक्याने निघत नाही, म्हणून रॉकेलने घासून पुसलेली. दरवर्षी. तिथली नक्षी अशी उडाली. आणि आई मशीन आली की पहिलं काम काय करायची, तर खांबावर एक चिंधी बांधायची. टाचण्या टोचायला, असं मला वाटायचं.

मी या धंद्यात पडले तेव्हा एकदा आईला विचारलं, "ती जागा काकू का पुसायची गं?" मग तिने सांगितलं. पहिल्याच वर्षी, मशीन आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी, पत्र्यापलीकडून काकूच्या सासूचा आवाज आला होता, "त्यांच्या घरात जातली. कुंकू पुसून दी." आई तेव्हा भाकरी थापत होती. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. "भाकरी थापली," आई म्हणाली. "तवा तापला होता."

सासू पुढे गावी गेली, तिकडेच वारली. पण कुंकू दरवर्षी पुसूनच येत राहिलं. आईचा सल तो होता. सासूचं ती सोडून द्यायला तयार होती, म्हातारी माणसं तशीच असतात म्हणायची. पण कमल? माझ्या ताटात जेवणारी, माझ्या बाळंतपणात माझे कपडे धुणारी कमल? "ताटाला ताट लावून जेवतात आणि देवापाशी आलं की मागे सरतात, अशी माणसं पाहिलीत मी," आई म्हणाली. "कमल तशी असेल असं वाटत नाही. पण नसेल तर पुसते कशाला?" मी म्हटलं, विचार ना मग. तर म्हणाली, "आणि वाईट निघालं तर? सगळ्या वर्षांची वाट लागली ना. राहू दे."

मग चाळ पडली. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो गेला. आम्ही मुलुंडला आलो, काकू बोरिवलीला गेली. ते पावसाळ्याचे दिवस होते, मशीन काकूकडे होती, ती तिच्या सामानात गेली. पुढच्या होळीनंतर आईने खिडकीजवळची जागा रिकामी करून ठेवली. मशीन आली नाही. मी तिला विजेवर चालणारी नवी मशीन आणून दिली, तिच्यावर आई ब्लाउज शिवते, पण कुरकुर करत. "हिला पाय नाहीत," म्हणते. लग्नाकार्यात दोघी भेटायच्या. गुडघ्यांबद्दल बोलायच्या, सुनांबद्दल बोलायच्या. मशीनचा विषय मात्र कुणीच काढायची नाही. मला दोघींचाही राग यायचा. अरे, बोला ना एकदा. पण नाही.

यंदा पाडव्याच्या आधी फोन वाजला. मला वाटलं, आणखी एक शंभर वर्षांची.

"अगो वैशू, कमलकाकू बोलतंय. तू मशीनची किंमत करतंस मां? मगे ये. मी आता कायमची गावाक जातंय. जाण्याआधी ह्या मशीनचा काय ता बघूक होया."

मी फोन ठेवला तर आई समोरच उभी. तिला आता एका डोळ्याने नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. "विकते की काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. आईने पदराने तोंड पुसलं, मग आधीच घडी घातलेली एक चादर पुन्हा घडी घातली. "जाऊन ये," म्हणाली. "आणि तिला काही विचारू नकोस हां."

मी विचारायचं ठरवूनच गेले.

बोरिवलीच्या त्या खोलीत अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. काकू वाळून काठी झालीय, पण आवाज तोच. मशीन खिडकीपाशी होती, वर इस्त्री केलेला रुमाल. मी रुमाल उचलला आणि सवयीने बघत गेले. शटल होडीची. पुढची नक्षी फिकट, पण जागेवर. चाक तेलपाणी केलेलं. आणि खांबावर रुपयाएवढा लालपिवळा खपला. चाळ सुटल्यापासून मशीन कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे कुणी पुसलंही नव्हतं. दर दसऱ्याचा एक थर त्याच्यावर चढलेला.

"किंमत काय येतली?" काकूने विचारलं.

"इथे नक्षी नाही ना, काकू. हौशी गिऱ्हाईक भाव पाडणार. कुणी घेणारा आहे का?"

"आसा एक. खालचो स्टँड घेऊन त्याच्यावर हात धुवायचा बेसिन बसवतलो म्हणता. वरची मशीन भंगारात." ती माझ्याकडे रोखून बघत होती. मग म्हणाली, "किंमत घेऊन माका काय करूचा हा? तुका बोलवूक कायतरी कारण नको?"

आणि ती उठली. मोरीतून फडकं घेऊन आली, त्याला रॉकेलचा वास. "तुझ्या आयेकडे जाऊची तर पुसून देतंय," म्हणाली आणि खांबाजवळ वाकली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की आईचंच बरोबर होतं, विचारूच नये. पण तोंडातून निघून गेलं, "काकू, हे तू का पुसतेस?"

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"तुझ्या सासूबाई पहिल्या वर्षी काय म्हणाल्या ते आईने ऐकलं होतं. पत्र्यातून."

काकू खाली बसली. फडकं मांडीवर. मग ती बोलायला लागली.

"पयल्या वर्षी सासूबायन् सांगल्यान म्हणून पुसलंय. खोटा कित्याक सांगू? नवी सून होतंय असा पण नाय, चांगली दोन पोरांची आई होतंय. नाय म्हणूक होया होता. पण म्हटलंय नाय." तिने नाक पुसलं. "पण त्याच्यापुढचा सगळा माझा मी."

"पण का?"

"अगो, तुझ्या आयेन् देव सोडल्यान, कुंकू सोडल्यान. केवढ्या हिमतीन् सोडल्यान! माझ्या अंगात तेवढी हिंमत नाय. आणि मी कुंकवाची मशीन तिच्या दारात नेऊन ठेवू? ती नको म्हणाची नाय. माझी भीड म्हणून ठेवून घेतली असती. म्हणून पुसलेली बरी." मग थांबून ती म्हणाली, "ती पण मशीन परत देताना शटलीतलो निळो दोरो काढून, तेल घालून देय. मी म्हणायचंय, ती माझा सांभाळता, मी तिचा सांभाळतंय."

मी त्या जागेकडे बघत राहिले. एकच जागा, एकच फडकं, तेच रॉकेल. पहिल्या वर्षीचं पुसणं आणि पुढच्या वर्षांचं पुसणं, झालेली झीज अगदी सारखी. मी आजवर लोकांना सांगत आले की झीज खोटं बोलत नाही. खोटं बोलत नसेलही, पण सगळं सांगतही नाही, हे मला त्या खोलीत कळलं. मला रडू आलं आणि मी रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

काकूने फडकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "आता पुसू काय नको?"

"मला नको विचारू. माझी मशीन नाही ती."

"मगे आसांदे. तिका सगळा सांग. पयल्या वर्षाचा पण सांग. मगे तिका पुसूचा आसात तर ती पुसांदे."

टेम्पोतून मशीन मुलुंडला आली ती संध्याकाळी. आईने तिच्यावरून हात फिरवला, चाकावरून, कडेवरून, आणि खांबापाशी बोटं थबकली. तिने बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. लाल. मी तिला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, काही गाळलं नाही.

"म्हणजे सासू तसं म्हणाली होती, ते खरंच होतं," आई म्हणाली. "मी कितीदा स्वतःला समजावलं होतं की ऐकण्यात चूक झाली असेल." ती खुर्चीवर बसली. "ते दुखतं. अजून दुखतं. ते काही जाणार नाही."

"आणि बाकीचं?"

बाकीच्यावर मात्र ती भडकली. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं काय तिचं?"

"तुझंही शिवलेलंच होतं की."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हणाली, "चिंधी टाचण्यांसाठी नव्हती गं. ती जागा दिसू नये म्हणून बांधायची मी." मग तिने फोन मागितला. पहिल्यांदा भांडलीच. "श्रावण लागला की मशीन तुझ्याकडे पाठवते," असं दरडावून सांगत होती. पलीकडून काकू काहीतरी म्हणाली असणार, कारण आई म्हणाली, "मालवण तर मालवण. टेम्पो तिथेही जातो." मी हातवारे करून सांगत होते की वर्षातून दोनदा मालवण, ट्रान्सपोर्टवाला मला वेड्यात काढेल. तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

आता एप्रिल चढलाय. खिडकीशी निळ्या कापडाचा ढीग पडलाय आणि सकाळपासून पायट्याची खडखड चालू आहे. हल्लीच्या कापडाचा रंग पक्का असतो, तरी मी आईचे तळवे बघते. ती एका डोळ्याने शिवते, टाके थोडे तिरपे जातात. काल विहारातल्या बायका झेंडे न्यायला आल्या. त्यांतली एक नव्याने आलेली, तरुण, उत्साही. तिची नजर खांबावर गेली.

"अय्या आजी, कुंकू? तुमच्याकडे?" असं म्हणत तिने पदराचं टोक ओलं केलंसुद्धा. "थांबा, पुसून देते."

आईने पायटा थांबवला नाही. मानही वर केली नाही.

"पुसू नकोस गं," ती म्हणाली. "ते कमलचं आहे."